वाचकांचे प्रश्न : एटीएमची काच आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर

प्रश्न : इतवारीत माझं होलसेल दुकान आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास गल्ला घेऊन कॅश डिपॉझिट मशीनवर जातो. रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. कुणी बॅग हिसकावून पळू लागला तर गोळी चालवता येईल का?
– एक व्यापारी, इतवारी, नागपूर

उत्तर : ‘पळू लागला तर’ हे तुम्हीच लिहिलंय, आणि उत्तर तिथेच आहे. नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आधी तो दंड संहितेत ९६ ते १०६ होता, गाभा तोच. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, असे गुन्हे कलम ४१ मध्ये मोजकेच आहेत. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहतं घर पेटवणं वगैरे. साधी चोरी त्यात बसते, पण आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तरच. मोटारसायकलवर मागे बसलेल्याने बॅग ओढली आणि गाडी गांधीबागेकडे वळली, की ती भीती संपली. मागे धावा, धरा, झटापट करून बॅग सोडवा. जीव न घेता जेवढं होईल तेवढं कलम ४२ करू देतं.

चाकू मानेला लावून बॅग मागितली तर गोष्ट वेगळी. ती जबरी चोरी, आणि तिथे हक्क उभा राहतो. पण किती वेळ? कलम ४३ म्हणतं, मरणाची, दुखापतीची किंवा अडवून धरण्याची भीती समोर आहे तोवर. चाकूवाला पाठमोरा झाला की हिशेब बदलला. त्यातही कलम ३७ आहेच : गरजेपेक्षा जास्त इजा नको. आपण स्वसंरक्षणात होतो हे कोर्टात दाखवायचं काम तुमचं असतं, आणि शवविच्छेदनात गोळी पाठीतून शिरल्याचं आलं तर वकील काय बोलणार? रात्री साडेनऊला इतवारीची गल्ली रिकामी नसते, हेही धरा. गोळी चुकली तर ती पानठेल्यापर्यंत जाते.

नुसतं काढून दाखवायचा विचार असेल तर तोही सोडा. शहरात परवाना देणारे पोलीस आयुक्त शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली तो निलंबित किंवा रद्दही करू शकतात.

आता व्यवहाराचं. मशीनसमोर तुमची पाठ दाराकडे, दोन्ही हात नोटांत आणि रिव्हॉल्व्हर शर्टाखाली. दारातला माणूस दोन पावलांवर. शर्ट वर करेपर्यंत तो तुमच्यापाशी पोचतो, आणि मग हत्यार कुणाच्या हातात राहील ते सांगता येत नाही. त्यापेक्षा मशीनपुढे उभं राहण्याचा वेळ कमी करा. बहुतेक मशीन एका खेपेला सुमारे २०० नोटा घेतात, म्हणजे पाचशेच्या नोटांत एक लाख. शंभरच्या नोटा मिसळल्या की खेपा वाढतात. फाटकी, दुमडलेली किंवा टेपवाली नोट मशीन परत फेकतं, आणि तीच नोट चार वेळा घालण्यात पाच मिनिटं जातात. म्हणून दुकानातच नोटा वेगळ्या करा, कोपरे सरळ करा, रबर आणि पिना काढा. भरणा दुपारी करा, रोज एकाच वेळी नको. सोबतचा माणूस केबिनमध्ये नाही, बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहू द्या.

प्रश्न : मेडिकल चौकाजवळ नाइट ड्युटी असते. पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवू की छोटा चाकू? पैसे बऱ्याचदा रात्रीच काढावे लागतात.
– एक परिचारिका

उत्तर : चाकू नको. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र ठरतं, पण छोटा चाकू म्हणजे सुटका नव्हे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा तो बाळगणंही अंगाशी येतं. आणि सवय नसलेल्या हातातून चाकू सहज हिसकला जातो.

पेपर स्प्रेला परवाना लागत नाही. मात्र केबिनच्या आत मारू नका. काचेच्या बंद खोलीत एसी तोच फवारा तुमच्या डोळ्यांत आणून सोडतो. बाहेर, दोन-तीन मीटरवरून, वाऱ्याला पाठ देऊन, चेहऱ्यावर आडवा मारायचा आणि लगेच निघायचं. डबीवरची मुदत बघा. जुनी झाली की दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी थेंब गळतात. आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे मे महिना. अशा डब्यांवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं, आणि उन्हात उभ्या स्कूटीची डिक्की तेवढी तापते. डबी डिक्कीत नाही, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात.

चेहरा झाकलेला माणूस दिसला म्हणून घाबरायचं, हे नागपुरात उन्हाळ्यात चालत नाही. सगळेच दुपट्टा बांधून फिरतात. चेहऱ्यापेक्षा त्याचे पाय बघा : रांग नसताना तो दाराशीच का थांबलाय? शटर अर्धं खाली असलेल्या केबिनमध्ये शिरूच नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये बंगळुरूच्या एटीएममध्ये हल्लेखोराने आत येऊन शटर ओढून घेतलं आणि मग बाईवर कोयता चालवला. हॉस्पिटलच्या आवारातलं किंवा पेट्रोल पंपावरचं मशीन बरं. कुणी हत्यार दाखवलंच तर पैसे द्या, दाराच्या वाटेतून बाजूला व्हा, तो गेला की ११२ लावा.

प्रश्न : मानेवाड्यात वडिलांना एका मुलाने ‘काका, मशीन स्लो आहे, मी करून देतो’ म्हणत मदत केली. घरी आल्यावर कळलं, कार्ड दुसऱ्याचंच. खात्यातून ४०,००० गेले. बँक म्हणते, पिन वापरला म्हणजे चूक तुमची.

उत्तर : एवढ्यावर बँकेची सुटका होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, असं ठरलं आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल तर ग्राहकावर काही येत नाही; चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर दर व्यवहाराला जास्तीत जास्त १०,०००. पिन सांगितल्याचं सिद्ध झालं तर कळवण्याआधीचं नुकसान वडिलांचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचंच. म्हणून कार्ड बंद केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा, पोलिसांत तक्रार द्या, आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असं बँकेला लेखी कळवा. ते ठरावीक मुदतीनंतर पुसलं जातं. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, फी नाही.

पुढे कार्ड ओळखायला कोपऱ्यात मार्करने ठिपका द्या, चिप आणि काळी पट्टी सोडून. रंगीत टेप लावू नका, ती मशीनमध्ये कार्ड अडकवते.

प्रश्न : पिन उलटा टाकला की पोलीस येतात म्हणे?

उत्तर : नाही येत. आणि ज्याचा पिन १२२१ आहे, त्याने काय करायचं?