यंत्रावरचा आकडा आणि हाताची नाडी

प्रश्न : माझे वय 54 आहे. व्यायामशाळेत ट्रेडमिलवर धावताना हँडल धरले की पडद्यावर हृदयाचे ठोके मिनिटाला 96 दिसतात आणि त्याच वेळी मनगटावरचे घड्याळ 162 दाखवते. थांबून लगेच नाडी मोजली, तेव्हा 15 सेकंदांत 33 ठोके भरले. यांपैकी कोणता आकडा खरा मानावा?

उत्तर : तुम्ही बोटांनी मोजलेला. 33 ला 4 ने गुणल्यास 132 येतात, आणि थांबताच ठोके उतरू लागत असल्यामुळे धावतानाचा आकडा याहून थोडा जास्तच असणार. मोजताना एखादा ठोका निसटला तर हिशेबात 4 चा फरक पडतो, पण तेवढ्याने 96 किंवा 162 यांचा मेळ बसत नाही.

हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या दोन तळहातांमधून हृदयाचा विद्युत संदेश टिपतात. तत्त्व ईसीजीचेच आहे. मात्र तळहातापर्यंत पोहोचणारा हा संदेश अतिशय क्षीण असतो, आणि हँडल घट्ट आवळले की हाताच्या स्नायूंचे विद्युत संदेश त्यात मिसळतात. शिवाय धावताना तळवा सारखा सरकतो आणि त्वचा कोरडी असेल तर संपर्कच नीट होत नाही. अशा वेळी यंत्राच्या मोजणीतून काही ठोके गळतात; तुमच्या 96 चे कारण बहुधा हेच असावे. संथ चालताना किंवा क्षणभर स्थिर उभे राहून दोन्ही हात हलके टेकवले, तर याच पट्ट्या बऱ्यापैकी बरोबर आकडा देतात. धावताना केवळ आकड्यासाठी हँडल धरणे मला मुळीच पटत नाही, कारण त्याने शरीराचा भार हातांवर जातो आणि व्यायामच हलका होतो.

घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार पाहते आणि धावताना कधी कधी पावलांच्या तालालाच ठोके समजते. पुढच्या वेळी मिनिटभर पावले मोजून पाहा; ती 160 च्या आसपास भरली, तर उलगडा झाला. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, किंचित घट्ट बांधावा.

नेमकेपणा हवा असेल तर छातीवरचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचा विद्युत संदेश जवळूनच टिपतो. फक्त बांधण्यापूर्वी त्याची आतली बाजू ओली करावी लागते.

220 मधून वय वजा करण्याच्या सूत्राने तुमची कमाल मर्यादा 166 येते, पण ती सरासरी आहे. निरोगी माणसांतही प्रत्यक्ष कमाल त्याहून 10-12 ठोक्यांनी सहज वरखाली असते. तुम्ही रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी घेत असाल, तर हे सूत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडून स्वतःची मर्यादा ठरवून घ्यावी, कारण या गोळ्यांमुळे ठोके मुळातच कमी राहतात. छातीत दडपण आले किंवा चक्कर आली, तर पडद्यावर कोणताही आकडा असला तरी तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.