'गडद' म्हणजे नक्की कुठला स्लायडर?

प्रश्न असा होता की ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ह्यू (रंग कुठला), सॅच्युरेशन (रंग किती शुद्ध, किती भडक) आणि ब्राइटनेस (किती उजळ) असे तीन स्लायडर असतात, मग कोणी 'रंग जरा गडद कर' म्हटलं तर त्यातला कुठला हलवायचा?

गंमत म्हणजे आपला 'गडद' दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा आहे, कधी त्याचा अर्थ ब्राइटनेस कमी, तर कधी सॅच्युरेशन जास्त. करूनच बघा ना. निळा घ्या (०, ०, २५५) (हे आकडे म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण, प्रत्येकी ० ते २५५) आणि ब्राइटनेस निम्म्यावर आणा, (०, ०, १२८) होतं, त्याला कोणीही डोळे झाकून गडद निळा म्हणेल. आता पिवळा घ्या (२५५, २५५, ०) आणि अगदी तेच करा, (१२८, १२८, ०) होतं आणि ते चक्क शेवाळी दिसतं! गडद पिवळा मागणाऱ्याला हे नको असतं, त्याला बहुतेक वेळा सॅच्युरेशन वाढवून हवं असतं. नारिंगीचा ब्राइटनेस उतरवला तर तपकिरी होतो, म्हणजे नावच बदललं.

यात भाषेचा दोष नाही, डोळ्याचीच तऱ्हा तशी आहे. मुळात स्क्रीनमधून पिवळा प्रकाश येतच नाही, लाल आणि हिरवा ठिपका एकदम पेटतो आणि डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशींना तो खऱ्या पिवळ्या प्रकाशासारखाच भासतो. शिवाय डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ वाटत नाहीत, नेहमीच्या एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं प्रचलित मानक) स्क्रीनवर पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणजे पिवळ्याला (लाल अधिक हिरवा) ९३ आणि निळ्याला ७, पण स्लायडर दोघांनाही ब्राइटनेस १००च दाखवतो, कारण तो फक्त तिन्हीतला मोठा आकडा बघतो. निळा मुळातच अंधारा, म्हणून तो 'गडद' व्हायला तयारच असतो.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय, सॅच्युरेशन जास्त तर 'भडक', ब्राइटनेस कमी तर 'काळपट', दोन्ही कमी तर 'मळकट' (हा शब्द तर अगदी फिट्ट बसतो), आणि सॅच्युरेशन कमी पण ब्राइटनेस तसाच तर 'फिकट'. सॅच्युरेशनला 'संपृक्तता' हा शब्द बरोबर आहे पण मला ते वाचलं की रसायनशास्त्राचा पेपरच आठवतो. ह्यूला मात्र 'छटा' म्हणू नका, छटा आपण एकाच रंगाच्या आतल्या फरकाला म्हणतो, ह्यू बदलला की रंगच बदलतो, त्याला सरळ 'रंग' म्हणा.