स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट) दुसऱ्याने उत्तरात दिलेल्या कोडमध्ये चूक दिसली तर सरळ एडिट करायचं का?

टायपो असेल, कंस राहिला असेल तर बिनधास्त एडिट करा. तुमचं 2000 रेप्युटेशन (तिथे मिळणारे पॉइंट) नसेल तर ते आधी रिव्ह्यूला जातं एवढंच. पण लॉजिकच चुकलं असेल तर हात लावू नका, खाली नाव त्याचं आहे आणि तुम्ही बदललेलं त्याच्या नावावर जातं. तिथे कमेंट करा, आणि नुसतं "हे चुकीचंय" लिहून पळू नका प्लीज, काय दिलं की काय येतं ते दाखवा. समजा कुणी पायथनमध्ये डीफॉल्ट आर्ग्युमेंटला (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरली जाणारी व्हॅल्यू) रिकामी लिस्ट दिलीये आणि फंक्शन तिच्यात व्हॅल्यू टाकतंय, तर लिहा की फंक्शन दोनदा कॉल करून बघा, दुसऱ्या वेळी पहिल्या कॉलमधली व्हॅल्यूपण दिसेल कारण ती लिस्ट फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते, डीफॉल्ट None (म्हणजे काहीच नाही) ठेवून आत नवीन लिस्ट बनवा. असं लिहिलं की समोरचा बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करतो. नाहीच केलं तर वेगळं उत्तर टाका. एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) युजरचं इनपुट थेट जोडलेलं दिसलं तर मात्र अजिबात थांबू नका, लगेच कमेंट टाका, लोक असा कोड जसाच्या तसा उचलतात आणि इनपुटमधून कुणीही क्वेरीच बदलू शकतो हा धोका नवीन पोरांना कळतही नाही.