बागेचे प्रश्न : जानेवारीतली रोपं

प्रश्न : गच्चीवर 6 बाय 8 फुटांचं पॉलिहाऊस केलंय. संक्रांतीच्या सुमारास टोमॅटो आणि मिरची प्रो-ट्रेमध्ये (रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) टाकली. टोमॅटो तुरळक उगवले, मिरची पंधरा दिवस झाले तरी ढिम्म. दुपारी आत घाम फुटतो, मग ऊब कमी पडते कशी?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दुपारची ऊब रात्री टिकत नाही, दुखणं तेच आहे. नाशिकला जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास, निफाडकडे तर त्याच्याही बराच खाली जातो. एकपदरी प्लास्टिकच्या आतली हवा पहाटेपर्यंत जवळपास बाहेरच्याइतकीच गार होते. आणि बियाला हवेशी देणंघेणं नसतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती गरम आहे, हे महत्त्वाचं. मिरचीला तिथे 25 ते 30 अंश हवेत, मग ती आठ-दहा दिवसांत उगवते. 15 अंशांवर तीन आठवडे लागतात, नाहीतर बी कुजतं. टोमॅटो जरा सोशिक असतो, म्हणून थोडे तरी उगवले. ट्रे गच्चीच्या कोब्यावर ठेवले असतील तर रात्रभर खालूनही गारवा लागतो.

म्हणून उगवेपर्यंत ट्रे पॉलिहाऊसमध्ये ठेवूच नका, घरात घ्या. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत असं मिश्रण करा. कोकोपीट भिजवल्यावर पहिलं पाणी ओतून द्या, त्यात क्षार असतात. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर ते फार ओलं आहे. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, ट्रे एकावर एक रचा आणि काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरात फळीवर ठेवा. रोपवाटिकावाले हेच मोठ्या प्रमाणावर करतात. टोमॅटो चौथ्या दिवसापासून आणि मिरची सहाव्या दिवसापासून रोज उघडून पाहा. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे सुटे करून पॉलिहाऊसमध्ये उजेडात न्या. एक दिवस जरी आळस केला तरी कोंब पांढरे आणि लांबुडके होतात, ते पुढे सुधारत नाहीत.

तिथे ट्रे विटांवर किंवा स्टँडवर ठेवा. सकाळी साडेनऊ-दहाला दोन्ही टोकं उघडा आणि ऊन उतरायच्या आत, चारच्या सुमारास बंद करा. बंद पॉलिहाऊस जानेवारीतसुद्धा दुपारी 40 अंशांवर जातं. वर हिरवी शेडनेट असेल तर आत्ता काढून ठेवा, ती मार्चच्या उन्हासाठी. थंडीत ती घातलेली बऱ्याच गच्च्यांवर दिसते आणि रोपं काडीसारखी होतात ती त्यामुळेच.

प्रश्न : चांगली उगवलेली वांग्याची रोपं मातीलगत वाकून आडवी पडतात. पाणी कमी पडतंय का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : उलट, जास्त होतंय. आडवं पडलेलं रोप उचलून पाहा. मातीलगतचा देठ तपकिरी, पाणचट आणि दोऱ्याइतका बारीक झालेला असेल, वरची पानं मात्र हिरवीगार. ही मर, म्हणजे बुरशी. गार आणि सतत ओलं मिश्रण, दाट पेरणी आणि न धुतलेले जुने ट्रे, हे तिला लागतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते मिश्रणासकट काढून टाका. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी ओता. पाणी फक्त सकाळी द्या, तेही वरचा थर कोरडा दिसल्यावरच. संध्याकाळी झारी हातात घ्यायची सवय मोडा.

पुढच्या वेळी मिश्रणात किलोला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा घाला. ही मित्रबुरशी आहे, तेव्हा तांब्याचं औषध आणि ती एकाच वेळी देऊ नका. जुने ट्रे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ खंगाळा.

प्रश्न : पिटुनियाचं बी दोनदा टाकलं, एकही उगवलं नाही.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मातीने झाकलं असणार. हे बी धुळीसारखं बारीक असतं आणि उगवायला उजेड मागतं. ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरा, वर काच ठेवा, पाणी ट्रेच्या खालून द्या. पण आता कशाला? पिटुनिया थंडीतलं फूल, त्याचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकायचं. आत्ता लावलेलं फुलेपर्यंत एप्रिलचं ऊन त्याला पोळेल. झिनिया, पिवळा कॉसमॉस, चिनी गुलाब घ्या, ती उन्हाळा झेलतात. झिनियाची मुळं हलवलेली आवडत नाहीत, तेव्हा ट्रेऐवजी थेट कुंडीतच पेरा.

प्रश्न : भेंडी, गवार, काकडीचीही रोपं करावीत का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : भेंडी-गवारीची नको, त्यांचं सोटमूळ दुखावतं. फेब्रुवारीत थंडी ओसरली की थेट जागेवर टोकणी करा. काकडी आणि दोडक्याची चालतील, पण तळाला भोक पाडलेल्या कागदी कपात, आणि दोन खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) आली की लगेच हलवायची. त्याआधी आठवडाभर कप रोज थोडा जास्त वेळ उघड्यावर ठेवा, नाहीतर पहिल्याच दुपारी पानं करपतात.