चारचौघांत बोलताना मनात येणारे भीतीचे विचार मोजता येतात का?

हो, येतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावलीत ३० वाक्यं आहेत: १५ धीर देणारी, १५ खच्ची करणारी. बोलणं आटोपलं की, त्यातला प्रत्येक विचार किती वेळा आला याला १ ते ५ गुण द्यायचे. दोन्ही गटांची बेरीज वेगळी. लातूरला समुपदेशन करताना मी साध्या वहीवर मोजायला सांगते. क्लासमध्ये शंका विचारायला उठताना 'माझी गावाकडची बोली ऐकून सगळे हसतील' हे किती खरं वाटलं, शंभरपैकी आकडा, तिथल्या तिथे. रात्री आठवून लिहिलं की आकडा हमखास बदलतो. मात्र नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. भीतीपायी क्लास बुडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच.