ड्रॅगन फ्रूटला फुलं ढिगाने येतात पण फळ एकही धरत नाही, खत कमी पडतंय का?

खत बदलू नका, खताचा काही दोष नाही. तुम्ही लिहिलंय की अगाशीवर चार ड्रम आहेत, चारही झाडं एकाच झाडाच्या फांद्या तोडून लावलीत, लाल गराची आहेत आणि फुलं चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळतात. म्हणजे झाडं मोजायला चार, आतून एकच, आणि लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचे परागकण चालतच नाहीत. अजून दहा कटिंग लावलीत तरी तेच होणार.

फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, मग अडतं कुठे? परागकण मधल्या दांड्याच्या टोकावर पडला की त्यातून बारीक नळी निघते, ती खाली बीजांडापर्यंत पोचायला हवी, पण अशी झाडं स्वतःचा पराग ओळखतात आणि नळी वाटेतच अडवतात, परका असला की जाऊ देतात. यात झाडाचाच फायदा आहे. डार्विनने 11 वर्षं प्रयोग करून 1876 मध्ये दाखवलं होतं की परक्या परागातून आलेली रोपं बहुतेक वेळा जास्त उंच आणि जोमदार निघतात. आपल्या आंब्यातही दशहरी, लंगडा, चौसा याच पंथातले, म्हणून नुसत्या दशहरीच्या बागेत मधेमधे दुसऱ्या जातीची झाडं ठेवायला सांगतात. अहो, ड्रममधलं गांडूळ बघा ना, एकाच अंगात दोन्ही, तरी सहसा जोडीदार लागतोच.

आणि कुणी "नर झाड आणा" म्हणालं तर सोडून द्या, तो कंटोळी-परवलाचा मामला, तिथे नर वेल नि मादी वेल मुळातच वेगळे असतात.

आता उपाय. दुसऱ्या जातीचं एक झाड आणा, पांढऱ्या गराचं चालेल, फक्त ते तुमच्याच झाडाचं पिल्लू नको. बडोद्यात नर्सरीवाल्याला कमलम म्हणून सांगा, 2021 मध्ये गुजरात सरकारने हेच नाव दिलंय. नवीन झाडाला फुलं यायला वेळ लागेल, तोवर ओळखीत कुणाकडे वेगळी जात असेल तर त्यांच्याकडून पराग मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही.

फूल रात्रीच उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं, तिकडे मूळ देशात वटवाघळं आणि मोठे पतंग हे काम करतात, आपल्या अगाशीवर तुम्हालाच जागावं लागणार. रात्री नऊ-दहानंतर टॉर्च घेऊन वर जा, एका फुलाखाली कोरडी वाटी धरून पुंकेसरांवर टिचकी मारा, पिवळी पूड पडते, ती मऊ ब्रशने दुसऱ्या जातीच्या फुलात मधल्या जाड दांड्याच्या टोकाला जी फाटेफाटे असलेली चांदणी असते तिला सगळीकडून नीट माखा, कंजुषी नको, कारण जितक्या जास्त बिया धरतील तितकं फळ मोठं होतं. पाऊस असेल तर फुलावर छत्री बांधा, पराग भिजला की गेला. दोन्ही झाडं एकाच रात्री फुलली नाहीत तर पूड कागदाच्या पुडीत बांधून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस सहज टिकते.

नंतर पाकळ्या सुकल्या तर घाबरू नका, त्या सुकणारच. देठाजवळचा भाग हिरवा राहून फुगायला लागला की धरलं समजा, मग साधारण महिन्याभरात फळ तयार.