थ्रिलरचा ट्रेलर आधी कानांनी बघ

ट्रेलरचं विश्लेषण लिहायला बसलास की आधी पडद्याकडे पाठ कर आणि नुसता आवाज ऐक. प्रेक्षकाला धरून ठेवायचं निम्मं काम तिथेच होतं. श्वास, खालच्या पट्टीतली घरघर, हळूहळू चढणारा सूर आणि मग एकदम शांतता. दचकवणारा ठोका त्यानंतर येतो. आधी कान टवकारले नसतील तर तो फुकट जातो.

मग आवाज बंद करून चित्र बघ. सुरुवातीचे शॉट रेंगाळतात, शेवटी पापणी लवायच्या आत कट. दाराची कडी क्लोज-अपमध्ये दिसते, पलीकडे कोण आहे ते नाही. 'लो-की लायटिंग' (म्हणजे कमी उजेड, गडद सावल्या) एवढंच लिहून थांबू नकोस, अंधारात काय लपवलंय ते लिही.

सगळेच ट्रेलर घाईत नसतात हं. १९६० च्या 'सायको'च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक हिचकॉक स्वतः सहा मिनिटांहून जास्त वेळ मोटेल आणि घर दाखवत हिंडतो, खुनांबद्दल मिश्कीलपणे बोलतो, वाक्यं अर्धवट सोडतो. किंकाळी अगदी शेवटी. आणि त्या किंकाळीच्या शॉटमधली बाई सिनेमाची नायिका जॅनेट ली नाहीच, त्यातली दुसरी अभिनेत्री व्हेरा माइल्स आहे!

टायटल कार्डांवर, म्हणजे मधे येणाऱ्या नावांच्या पाट्यांवर, फार वेळ घालवू नकोस. कुणाचं नाव कधी येतं तेवढं टिपून ठेव.